चाकात गेलेला रंग

गेल्या दिवाळीत मी स्वयंपाकघरात असताना माझ्या सहा वर्षांच्या भाच्यानं कपाटातला सेंच्युरियन रणगाडा खाली काढला, फरशीवर ठेवला आणि पुढे ढकलला. रणगाडा चालला नाही, घसरला. पाट ओढल्यासारखा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. तोवर त्यानं तो उलटा केला होता आणि एक चाक बोटानं फिरवायचा प्रयत्न चालला होता.

"मावशी, याची चाकं का फिरत नाहीत?"

"अरे, तो खेळायचा नाहीये," मी म्हणाले. मोठ्यांचं नेहमीचं उत्तर. त्यानं रणगाडा माझ्या हातात दिला आणि तो आपल्या प्लास्टिकच्या जेसीबीकडे वळला. त्या जेसीबीचं सगळं काही हलतं.

खरं उत्तर असं होतं, की चाकांत रंग गेला होता. ते मॉडेल मी चार महिने रंगवत होते. संचात चाकं फिरतील अशी सोय होती. वरची टरेट फिरायची, तोफेची नळी वर-खाली व्हायची. मी थरावर थर चढवत गेले. आधी प्रायमर, मग हिरवा, मग वॉर्निश, मग फटींत उतरणारा काळपट वॉश, तेलरंगाचे डाग, शेवटी मातीच्या रंगाची पूड आणि ती चिकटवणारं पातळ द्रावण. हे द्रावण फट दिसली की आपोआप आत ओढलं जातं. ते ॲक्सलपर्यंत गेलं आणि सुकलं. मला पत्ताही लागला नाही, कारण चाक फिरवून मी कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त फोटो काढले होते. फोटोत चाकांवरचा चिखल फार छान आला होता.

म्हणजे जी गाडी कधी चालली नाही आणि आता चालूही शकणार नाही, तिच्यावर मी चालल्याचे पुरावे रंगवले होते. तेव्हापासून या छंदातलं रंगकाम मी थोड्या संशयानं बघते. माझंही आणि इतरांचंही. ज्या वस्तूचे भाग हलतात, तिच्यावरचा रंग चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

*

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच मिळतो. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. रणगाड्यांच्या मॉडेलांचं रूढ प्रमाण आहे १/३५. खऱ्या गाडीवरचे पस्तीस सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. सेंच्युरियनचं अंग, तोफेची नळी सोडून, सुमारे साडेसात मीटर लांब आहे. मॉडेलमध्ये ते एकवीस-बावीस सेंटीमीटर भरतं. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडंसं मोठं.

पण हे पस्तीस आले कुठून? पंचवीस किंवा पन्नास का नाहीत? याचं उत्तर जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीकडे आहे, आणि ते माझ्या भाच्याला आवडेल असं आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामियानं जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. खोक्यावर शिगेरु कोमात्सुझाकी या नामवंत चित्रकाराचं चित्र होतं आणि आतल्या रणगाड्याला चालण्यासाठी मोटर होती. मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढं अंग ठेवलं गेलं. पुढे मोजून पाहिलं तेव्हा प्रमाण १/३५ च्या आसपास निघालं. कंपनीचे शुन्साकू तामिया यांनीच ही हकीकत सांगितलेली आहे. संच खूप खपला, पुढचे संच त्याच मापात आले, इतर कंपन्याही मागोमाग गेल्या. आज जगभर ज्या मापाला गंभीर छंदाचं माप समजतात, ते बॅटरीच्या आकारावरून ठरलेलं आहे.

१९६८ पासून तामियानं सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांपासून सुरू होणारी 'मिलिटरी मिनिएचर्स' ही मालिका काढली. हळूहळू लक्ष चालण्यावरून दिसण्याकडे गेलं. त्या काळातल्या अनेक संचांच्या तळाला मोटरीसाठी आणि स्विचसाठी ठेवलेली भोकं दिसतात. नंतरच्या छंदिष्टांनी ती पुट्टी भरून बुजवली. मोटर गेली, पण तिनं ठरवलेलं माप मागे राहिलं.

माझं म्हणणं असं, की रंगकामाची आजची सगळी श्रीमंती त्या रिकाम्या जागेत वाढली. गाडी फरशीवरून खडखडत जात होती तेव्हा ती खरी आहे हे पटवून द्यायला तिचा आवाज आणि वेग पुरेसा होता. ती कपाटात थांबली आणि पटवून देण्याचं काम रंगावर आलं.

*

हे काम रंगानं कसं केलं?

पहिली मोठी नावं दोन. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी सत्तरच्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या संचांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांमधून दाखवलं, की मॉडेल म्हणजे एखाद्या प्रसंगातलं पात्र असतं. त्याच्या भोवती जमीन, भिंत, माणसं हवीत. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांची पद्धत ऐंशीच्या दशकात घराघरांत पोचली. खाचांमध्ये गडद वॉश सोडायचा, आणि जवळपास कोरडा केलेला ब्रश फिक्या रंगात बुडवून कडांवरून फिरवायचा. कड उजळते, खाच काळी होते, वस्तू उठून दिसते. ही पद्धत शिकायला सोपी आहे आणि तिचा परिणाम लगेच दिसतो. तिची मर्यादाही लगेच दिसते. ब्रश सगळ्या कडांवरून सारखाच फिरतो. ज्या कडेवर रोज दहा वेळा बूट पडतो ती, आणि जिला वर्षभरात कोणी हात लावलेला नाही ती, दोन्ही सारख्याच झिजलेल्या दिसतात. ती कडांची चांगली ओळख करून देते, पण गाडीबद्दल काही सांगत नाही.

दुसरी लाट या शतकातली. मिग हिमेनेझ यांच्यासारख्या स्पॅनिश कारागिरांमुळे तिला 'स्पॅनिश घराणं' म्हणण्याची पद्धत पडली. तिच्यातली सर्वांत गाजलेली चीज म्हणजे कलर मॉड्युलेशन. हिमेनेझ आणि ॲडम वाइल्डर यांनी ती लोकप्रिय केली. प्रत्येक पत्रा वर फिका, खाली गडद असा रंगवायचा, शेजारच्या दोन पत्र्यांत फरक ठेवायचा, म्हणजे सपाट हिरव्या ठोकळ्याला आकार येतो. त्यावर फिल्टर, वॉश, ओघळ, टवके, गंज, धूळ, चिखल. प्रत्येकाची वेगळी बाटली मिळते आणि बाटल्यांवर परिणामांची नावं छापलेली असतात.

या घराण्याची ताकद मी नाकारत नाही. एकाच हिरव्यात दहा हिरवे असतात हे मला यांच्याकडूनच कळलं. पण मोबाइलवर बोट सरकवत शंभर मॉडेलं सलग बघा. दोन गोष्टी खटकायला लागतात. एक, प्रत्येक पत्र्याचा सूर्य वेगळा असतो. उजेड कुठून येतो हे गाडी ठरवत नाही, पत्रा ठरवतो. दोन, टवके. रंगाचे छोटे-छोटे टवके उडालेले, आत गंज दिसतोय, आणि ते कोथिंबिरीसारखे सगळीकडे सारखे भुरभुरलेले. टरेटच्या छपरावर, मागच्या खोक्यावर, जिथे माणसाचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यातही. गाडी वापरलेली वाटत नाही, नुसती वयस्कर वाटते.

ही शैली फोटोसाठी बनलेली आहे. वीतभर लांबीची वस्तू पाच इंची काचेवर ओळखू यायची तर विरोध वाढवावाच लागतो. फोटोत चाक फिरत नाही, त्यामुळे ते फिरतं का हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

*

मग चांगलं काम कोणतं?

मुंबईच्या लोकलच्या दारातला उभा खांब आठवा. तो सगळीकडे सारखा झिजलेला नसतो. खांद्याच्या उंचीवर चकाकतो, खाली आणि वर मळकट राहतो. जुन्या वाड्याच्या दाराची कडी बघा. ती जिथे कोयंड्यात फिरते तिथेच पिवळी धमक असते. झीज गाडीच्या वयाबरोबर येत नाही. ती हालचालीबरोबर येते. जो भाग हलतो, तो ज्या भागाला घासतो, आणि माणूस जिथे हात किंवा पाय ठेवतो, तिथेच ती येते.

रणगाड्यावर हा नकाशा अगदी स्पष्ट असतो. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे दात जिथे पट्ट्यात अडकतात तिथे पोलाद उघडं आणि चकचकीत असतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चाकं जिथून धावतात ती रेघ घासून उजळलेली असते. बाहेरच्या बाजूला जमिनीला टेकणारे उंचवटे उजळ असतात आणि मधल्या खळग्यांत माती असते. झाकणाची कड, चालकाच्या झाकणाकडे जाणारा पायठेवणीचा मार्ग, इंधन भरायच्या तोंडाभोवतीचा ओला काळा डाग. गंजाचीही गंमत आहे. चालता पट्टा दमट हवेत एका रात्री नारिंगी पडतो, आणि सकाळी गाडी काही अंतर चालली की टेकणारे भाग पुन्हा पांढरे होतात. म्हणजे पट्ट्याचा रंग बघून गाडी आज चालली की आठवडाभर उभी आहे, हे सांगता येतं. पट्ट्यावर सरसकट तपकिरी गंज आणि शेजारच्या चाकांवर ताजा ओला चिखल हे एकाच मॉडेलवर दिसलं, की समजायचं की रंगवणाऱ्यानं दोन बाटल्या उघडल्या होत्या.

माझी कसोटी एवढीच. कोणता भाग हलतो हे रंगाला माहीत आहे का?

या कसोटीवर मला तीन पायऱ्या दिसतात. पहिली म्हणजे टवका रंगवणं. बारीक ब्रशनं किंवा स्पंजाच्या तुकड्यानं गडद ठिपका द्यायचा. हे झालं झिजेचं चित्र. दुसरी पायरी हेअरस्प्रेची. ऑस्ट्रेलियाचे फिल स्टुचिन्स्कस यांच्या नावाशी ही युक्ती जोडली जाते. खाली गंजाचा रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर वरचा ॲक्रिलिक रंग. मग पाणी लावून कडक ब्रशनं घासायचं. मधला थर विरघळतो आणि वरचा रंग खरोखर सुटतो. इथे टवका काढलेला नसतो, तो उडालेला असतो. कुठे किती उडेल यावर तुमचा पूर्ण ताबा राहत नाही, म्हणून त्याच्या कडा खऱ्या वाटतात. ही मला या छंदातली सगळ्यात प्रामाणिक कल्पना वाटते, कारण तिच्यात झीज होण्याची क्रियाच वापरली आहे. तरीही घासणारा हात बाहेरचा आहे, गाडीचा नाही.

तिसऱ्या पायरीवर गाडी स्वतःच घासते. हंगेरीतल्या फ्रिउलमॉडेल कंपनीचे धातूचे पट्टे मिळतात. दर कडी सुटी, बारीक तारेनं शेजारच्या कडीला जोडायची. दोन्ही बाजूंच्या मिळून दीड-दोनशे कड्या सहज होतात. जोडून झालेला पट्टा खऱ्यासारखा लवचीक असतो, चाकांवरून स्वतःच्या वजनानं झोळ घेतो. यावर नेहमीचा रंग मारला की दर बिजागरीत रंग शिरतो आणि पट्टा काठीसारखा ताठ होतो, किंवा पहिल्यांदा वाकवला की रंग तडकतो. म्हणून जाणकार तो रंगवत नाहीत. रसायनात बुडवून धातूच काळा करतात. रंग वर बसत नाही, पृष्ठभागच रंग बदलतो. मग पट्टा चाकांवर चढवायचा आणि गाडी नुसती पुढे-मागे न्यायची. जिथे चाक घासतं तिथे काळेपण जातं आणि धातू उजळतो. कुठे चमकायचं ते माणसानं ठरवलेलं नसतं, चाकानं ठरवलेलं असतं.

हे पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला थोडी लाज वाटली. जे मिळवायला मी बारीक ब्रशनं तास-तास घालवले, ते इथे गाडीनं पाच मिनिटांत केलं होतं.

*

यावर एक आक्षेप आहे आणि तो साधा नाही. मॉडेल ही प्रतिमा आहे, यंत्र नाही. चित्रातल्या घोड्यानं धावून दाखवावं असं कोणी म्हणत नाही. मग मॉडेलचं चाक फिरलंच पाहिजे हा हट्ट कशासाठी? शिवाय हलत्या भागांची किंमत मोजावी लागते. प्रत्येक सांध्यात मोकळी जागा ठेवावी लागते आणि रंगाला जाडी असते. रंगाचा थर मिलिमीटरचा विसावा भाग धरला, तरी १/३५ मध्ये तो खऱ्या गाडीवर पावणेदोन मिलिमीटर जाड झाला. चार थर म्हणजे सात मिलिमीटर. कुठल्याही बिजागरीला हे झेपणार नाही. तामियाच्या संचांत चाकांच्या आत मऊ पॉलिथीनच्या टोप्या असतात, पॉलीकॅप. त्यांच्यामुळे चाक घट्टही बसतं आणि फिरतंही, पण त्यांच्यावर रंग धरत नाही. रबरी पट्ट्यावर धरलेला रंग वाकवला की सुटतो. म्हणून अनेक उत्तम कारागीर चाकं सरळ चिकटवून टाकतात. त्यांचं काम माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं असतं.

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. चाक फिरलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. ते फिरलं असतं तर कुठे घासलं असतं, हे रंगाला कळलं पाहिजे असं म्हणणं आहे. चिकटवलेल्या चाकाचा कारागीर जर हा विचार करत असेल तर त्याचं मॉडेल माझ्या लेखी चालतं. आणि चाक मोकळं ठेवूनही कोणी कोथिंबीर भुरभुरत असेल तर ते अडकलेलंच आहे. फरक इतकाच, की ज्यानं रंगवताना दर थरानंतर चाक एकदा फिरवून पाहिलं आहे, त्याला हे आपोआप कळत जातं. हलता भाग हा रंगाचा शिक्षक आहे. त्याला सुरुवातीलाच चिकटवून टाकणं म्हणजे शिक्षकाला वर्गाबाहेर काढणं.

*

भाच्याच्या प्रश्नानंतर दोन महिन्यांनी मी पुण्याहून एसटीनं अहिल्यानगरला गेले. तिथे लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये सुरू झालेलं. आतापर्यंत ज्या गाड्यांचे फोटो मोठे करून-करून मी रंग शोधत होते, त्यांच्यातल्या काही तिथे उघड्यावर उभ्या आहेत. सेंच्युरियन आहे, विजयंत आहे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन आहे, रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटारही आहे.

मी जाऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे चाकाकडे वाकून बघितलं. आणि हसू आलं. चाकाच्या तुंब्यापासून पट्ट्याच्या कड्यांपर्यंत सगळीकडे रंग. ऊन-पावसात उभं लोखंड वाचवायचं तर रंगाचा थर चढवत राहावाच लागतो. ती तिथली निगा आहे, आणि योग्यच आहे. पण त्या थरांनी बिजागऱ्या भरल्या होत्या, खाचा गोल झाल्या होत्या. मोकळ्या मैदानात एक अजब अदलाबदल झाली होती. जी गाडी खरोखर युद्धात चालली, ती नव्या खेळण्यासारखी स्वच्छ रंगवलेली. आणि जी कपाटात जन्मली आणि कपाटातच राहणार, ती नुकतीच आघाडीवरून आल्यासारखी माखलेली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी याच विचारात होते आणि मग समोरच्या गोष्टी दिसायला लागल्या. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली होती, पुणे ते अहमदनगर, १ जून १९४८. आज राज्यात गावोगाव मुलं एसटीची छोटी मॉडेलं बनवतात. पुठ्ठा, फोमशीट, काड्या. दार उघडतं, वायपर हलतो, पुढची पाटी बदलता येते. त्यातली काही कामं फार बारकाईची असतात. आणि ती सगळी करकरीत नवी असतात. आजच डेपोतून धुऊन आणल्यासारखी लाल.

का? कारण ती प्रेमानं केलेली असतात, आणि आपल्याकडे प्रेमाच्या वस्तूला मळवत नाहीत. युरोपातला छंदिष्ट चिखल लावून मान देतो, आपण पुसून देतो. यातलं कुठलंच चूक नाही. पण एसटीत बसणाऱ्या कोणालाही विचारा, रंग कुठे गेलेला असतो. दाराच्या आतल्या दांड्यावर, जिथे चढणारा प्रत्येक हात पडतो. खिडकीच्या खालच्या पट्टीवर, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोपरं टेकली. मागच्या शिडीच्या पायऱ्यांच्या मधल्या भागात, जिथून टपावर टोपल्या चढल्या. आणि खिडकीखालचे ते लाल पत्र्यावरचे आणखी लाल ओघळ, ज्यांच्यासाठी कुठल्याही परदेशी कंपनीनं अजून बाटली काढलेली नाही. एवढं जरी एखाद्यानं रंगवलं, उघडणाऱ्या दाराच्या दांड्यावरचा रंग नुसत्या बोटानं घासून काढला, तरी ती आपली स्वतःची शैली होईल. तिला स्पॅनिश नाव लागणार नाही.

*

इथवर सगळं कारागिरीबद्दल झालं. पण सेंच्युरियन रंगवताना एका गाडीपाशी थांबावं लागतं.

१६ डिसेंबर १९७१. बसंतरची लढाई. १७ पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, ज्या सेंच्युरियनमध्ये होते त्याचं नाव होतं 'फामागुस्ता'. गाडीवर मारा झाला, आग लागली. वायरलेसवरून गाडी सोडून बाहेर पडण्याचा हुकूम आला. त्यांनी नकार दिला. आपली तोफ अजून चालते आहे, हे त्यांचं कारण होतं. त्यानंतरच्या माऱ्यात ते गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ती गाडी पुढे दुरुस्त करून अहिल्यानगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेली आहे.

पूना हॉर्सचा सेंच्युरियन करायचा हे माझं मुळापासून ठरलेलं होतं. नाव लिहायची पट्टीही कापून ठेवली होती. पण ती लावायला हात धजेना, आणि का ते मला आता कळतं. हे नाव लावलं की रंगाला एक क्षण निवडावा लागतो. सकाळची गाडी की दुपारची? जळलेला रणगाडा कसा दिसतो हे पुस्तकांतून माहीत असतं. रंग जळून पोलाद राखेसारखं फिकट पडतं आणि लवकरच नारिंगी गंज धरतं. चाकांवरचं रबर जळून जातं. उष्णतेनं स्प्रिंगा ढिल्या पडून गाडी खाली बसते. हलणारं सगळं थांबतं. हे रंगवायच्या बाटल्याही मिळतात, आणि मनात आणलं तर मला ते जमेलही. पण आत माणूस होता. त्या गाडीवर मी हौसेचे चार टवके उडवू शकत नाही. आणि करकरीत नवी रंगवून ते झालंच नाही असंही दाखवू शकत नाही.

आपल्या छंदात चिखल खूप आहे. बाटल्या भरभरून आहे. युद्ध त्यामानानं कमी आहे. चिखल लावला की गाडी 'लढलेली' दिसते आणि लढाईत काय झालं हे विचारायची गरज उरत नाही. स्पॅनिश घराण्याबद्दलची माझी खरी तक्रार इथे येऊन थांबते. त्याच्या झिजेला मालक नसतो. कोणाच्या बुटानं, कोणाच्या हातानं, कोणत्या दिवशी, याचं उत्तर रंगाकडे नसतं. खरी झीज मात्र नेहमी कोणाची तरी असते.

*

तर मी काय केलं?

नावाची पट्टी पाकिटात परत ठेवली. गाडीवरची मातीची पूड धुऊन काढली, टवक्यांवर हिरवा परत मारला. हे काम वाटलं त्यापेक्षा वाईट झालं. दोन-तीन ठिकाणी खालचा रंग सुटला. ते तसंच ठेवलं. चाकं एकेक करून ओढून काढली. दोन तुटली, ती बारीक पिना घालून परत बसवली. ॲक्सलवरचा वाळलेला गाळ सुईनं खरवडला. सगळ्यात जास्त वेळ याला लागला, आणि याचा फोटो निघत नाही. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या शिसाची पूड बोटानं चोळली. शिसं चमकही देतं आणि वंगणाचं कामही करतं. तोफेच्या सांध्यातला रंग काढून तो कोरा ठेवला, म्हणजे नळी हलकेच वर-खाली होते. आता ती नीट चालते. एवढं एक मला त्या गाडीत हवं होतं.

मे महिन्यात भाचा आला. मी रणगाडा स्वतःहून फरशीवर ठेवला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूच ढकलला. गेला. सोफ्याखालून काढून त्यानं परत ढकलला. तासाभरानं त्याच्या बोटांना हिरवट काळं लागलं होतं आणि टरेटच्या डाव्या कडेचा रंग गेला होता. तो टरेट तिथेच पकडतो. आता तिथे खालचं राखाडी प्लास्टिक दिसतं.

ती कड मी परत रंगवलेली नाही. आख्ख्या मॉडेलवर तेवढीच एक झीज आहे जिचा मालक मला माहीत आहे.